शेगुलाबाईंचं आवतण

रोह्याच्या आमच्या आळीत शनिवारी मारुतीला जे तेल वाहिलं जायचं, ते शुक्रवारी विकत घेतलेलं असायचं. याला शास्त्राचा आधार नाही. आधार होता शेगुलाबाईंचा. त्यांचा घरोघर तेलाचा रतीब होता आणि शनिवारी त्या तेलाच्या कॅनला बोटही लावत नसत. तेलाला सगळ्यात जास्त मागणी शनिवारी, आणि नेमकी त्याच दिवशी तेलवाली घरात बसलेली. नव्याने बदलून आलेल्या एका बँकेच्या साहेबांनी एकदा शनिवारी सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजवली, तर आतूनच उत्तर आलं, "मारुतीला सांगा, आज माझी सुट्टी हाय. त्याला म्हाईत हाय, तुम्हालाच नाय."

शेगुलाबाई यहुदी. कोकणातल्या या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना जुनी माणसं 'शनवार तेली' म्हणत, कारण धंदा तेलाचा आणि शनिवार पाळायचा. 'बेने इस्राएल' हे त्यांचं स्वतःचं नाव मला शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं, तेही एका विद्यार्थिनीच्या दाखल्यावरून. एके काळी नदीपलीकडे अष्टमीत त्यांची बरीच घरं होती. एकेक करत माणसं इस्राएलला गेली. शेगुलाबाईंचा एकुलता मुलगाही गेला. मी बघितली तेव्हा तीन घरं उरली होती आणि त्यातल्या एका घराला बाराही महिने कुलूप असायचं.

शेगुला हे नाव आमच्या जिभांना जड, म्हणून अर्ध्या गावाने त्यांना सगुणाबाई करून टाकलं होतं. मतदारयादीतही तेच छापलेलं. मी मास्तरीण, मला चुकीचं छापलेलं बघवत नाही. म्हटलं, दुरुस्त करून घ्या, अर्ज मी लिहून देते. त्या म्हणाल्या, "राहू दे गो. सगुणा मत देते, शेगुला घरी प्रार्थना करते. दोघींचं बरं चाललंय."

एरवी त्या मला 'मास्तरीणबाई, तुम्ही' म्हणत. चिडल्या किंवा माया आली की 'तुम्ही'वरून थेट 'गो'वर येत. दोन्हींत फरक कसा करायचा हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

माझं माहेर पेणचं, त्यांचंही पेणचं. लग्न होऊन मी रोह्याला आले त्या आठवड्यात त्या मागच्या दाराने नव्हे, पुढच्या ओटीवरून आत आल्या, उंच, सडसडीत, कोपरापर्यंत हात तेलाने चकाकणारे. हाताला लागलेलं तेल त्या कधी पुसून टाकत नसत, दंडाला चोळत. मला खालीवर न्याहाळून सासूबाईंना म्हणाल्या, "पेणची आणलीत, बरं केलंत. पेणच्या बायका बोलतात कमी नि ऐकतात जास्त." सासूबाई म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा पेणच्याच ना?" तर म्हणाल्या, "मी निघाले तवा ते शिकवत नव्हते."

आमचं घर कायस्थांचं. जमिनी कुळकायद्यात गेल्या तेव्हा आम्ही सगळे मास्तर झालो, असं माझे सासरे सांगत. जमिनी गेल्या, पण कोणाला ओटीवर बसवायचं, कोणाला पडवीत आणि कोणाला अंगणातच उभं ठेवायचं, ही सातबाऱ्याबाहेरची मालमत्ता मात्र शिल्लक राहिली होती. हे मी आता शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

शेगुलाबाईंचं दुसरं काम आवतण देण्याचं. घरात लग्न, मुंज, बारसं निघालं की पत्रिका छापल्या जात, अलीकडे तर फोनवरूनही जातात. पण जुन्या घरांना तोंडी आवतण लागतंच. नाही मिळालं तर माणसं येत नाहीत, आणि वर्षभर ते बोलून दाखवतात. शेगुलाबाईंची रोजची फेरी सगळ्या आळ्यांतून, मोहल्ल्यातून, कोळीवाड्यातून, वरसे गावातून असायची. त्या ना आमच्यातल्या, ना त्यांच्यातल्या. त्यामुळे कोणाच्या उंबऱ्याला त्यांचा विटाळ नव्हता आणि कोणाच्या उंबऱ्यावर त्यांना कमीपणाही नव्हता. मग लोक म्हणत, जाताच आहात तर आमचं एवढं सांगा. तसं करता करता ते त्यांचं कामच होऊन बसलं.

आवतण घ्यायला त्या आल्या की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहत आणि एकेका घराचं नाव घेऊन विचारत, "कसं सांगू?" उत्तरं तीनच असत. चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक, म्हणजे घरातल्या एकाने यायचं, मान राखायचा. आणि शिधा. शिधा म्हणजे जेवायला बोलावणं नाही. तांदूळ, वाल, गूळ, नारळ अशी कोरडी सामग्री घरपोच. त्या लिहून काही घेत नसत. चाळीस घरं डोक्यात आणि शब्द जसाच्या तसा. "घेतला तसा पोचवायचा," त्या म्हणत, "माझ्या पदरचं मीठ त्यात घालायचं नाय."

आणि काय न्यायचं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या शेजारचे गृहस्थ सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. मुलाच्या मुंजीला म्हणाले, "त्यालाही सांगून टाका, यायचं तर येईल." शेगुलाबाई म्हणाल्या, "असलं तोंड मी न्यायची नाय. नीट सांगायचं असेल तर सांगा, नायतर त्याचं घर मी सोडून जाते." ते तासभर धुमसले आणि मग नीट सांगितलं.

माझ्या मेघनाच्या बारशाला माझ्या शाळेतल्या हमीदाबाईंचं नाव निघालं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना शिधाच बरा. आपल्याकडचं त्यांना चालेल, न चालेल." शेगुलाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "चालतं का नाय ते त्या बोलतील. आवतण आपलं, नकार त्यांचा. दोन्ही आपणच कशाला करायचं?" सासूबाईंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण म्हणाल्या, "मग सांगा चूलबंद." हमीदाबाई घरच्या सगळ्यांना घेऊन आल्या, वालाचं बिरडं दोनदा वाढून घेतलं आणि जाताना ते कसं करायचं हे माझ्याकडून लिहून घेऊन गेल्या.

त्याच बारशाला वाडीचं नाव आलं तेव्हा मात्र शेगुलाबाईंनी काही विचारलं नाही. वाडी म्हणजे कोलाडच्या रस्त्याला डोंगराच्या कडेची कातकऱ्यांची अकरा घरं. आमच्या घराचा आणि वाडीचा संबंध जुना, त्यांनी राबायचं आणि आम्ही द्यायचं अशा प्रकारचा. तिथे नेहमी शिधाच जायचा. मला एकदा भाबडेपणाने वाटलं ते मी बोलून गेले, "शिधा तर तुम्हालाही जातो. मग वाडीला गेला तर त्यात काय झालं?"

शेगुलाबाई तेल मोजायच्या थांबल्या. "आमचा शिधा आमच्या सोयीचा गो," त्या म्हणाल्या. "आमच्यात मटणाचं भांडं वेगळं, दुधाचं वेगळं. तुमच्याकडे ते कोण बघणार? म्हणून मीच बोलते, मला कोरडं द्या. वाडीचा शिधा तुमच्या सोयीचा हाय. सोनीने कधी कोरडं मागितलंन?"

सोनी ही त्या वाडीवरची. मी शाळेत जायची आणि मेघना सोनीच्या कडेवर असायची. माझ्या मुलीला पोहायला, झाडावर चढायला, खेकडे पकडायला तिनेच शिकवलं. सोनी माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, तरी मी तिला सोनी म्हणायची. शेगुलाबाई सोनीबाय म्हणत. ही गोष्टसुद्धा मी आता लक्षात आणून लिहिते आहे.

मेघनाचं लग्न ठरलं तेव्हा माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. सगळा कारभार थोरल्या दिरांकडे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. माणूस वाईट नाही. कोणाच्याही अडचणीला धावून जाईल, पण आधी कोण कुठे उभं राहायचं ते ठरवून घेईल. व्याही पुण्याचे, त्यामुळे अण्णांचा जीव आणखीनच टांगणीला लागलेला. वरसे गावातला हॉल, टेबलखुर्चीवरची पंगत, सगळं त्यांनी जातीने ठरवलं. शेगुलाबाई आवतण घ्यायला आल्या तेव्हा ते पेणला गेले होते. घरात मी एकटी.

सगळी घरं झाली आणि त्या म्हणाल्या, "वाडीवर कसं सांगू?"

मेघना आठ दिवस माझ्या मागे लागली होती, सोनीमावशी पंगतीला हवी, सगळ्या घरासकट हवी. मला तिचं म्हणणं पटत होतं आणि अण्णांचा चेहराही डोळ्यांसमोर होता. मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं सांगा."

"असं मी कधी नेत नाय," त्या म्हणाल्या. "तुमचं आवतण, शब्द तुमचे."

"अहो, सांगा ना. मी कुठे नाही म्हणते आहे?"

"नाय म्हणत नाय, ते ऐकलं मी. व्हय म्हणा. चूलबंद?"

मी मान हलवली. तोंडाने बोलले नाही, मान हलवली. त्या क्षणभर थांबल्या, बहुधा शब्दाची वाट बघत. मग म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. मला फार हलकं वाटलं, कारण चांगलं काम झालं होतं आणि ते मी बोलले नव्हते.

लग्न रविवारी. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि मी बघितलं तर शेवटच्या दोन टेबलांवर वाडी बसली होती. तीसपस्तीस माणसं, नाहून, केसांना तेल लावून, ठेवणीतले कपडे घालून. सोनीने अबोली माळली होती. तिचा मुलगा रघू डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर होता, तो शिफ्ट बदलून आला होता, बायको आणि दोन मुलं घेऊन. मेघना स्टेजवरून सोनीला हात करत होती. शेगुलाबाई जेवणार नव्हत्या, पण आल्या होत्या. टेबलांच्या जवळच एका खुर्चीवर शहाळं घेऊन बसल्या होत्या.

अण्णा व्याह्यांना घेऊन तिकडून आले आणि थबकले. मग त्यांनी आवाज चढवला. "यांना पंगतीला कोणी सांगितलं? वाडीवर शिधा गेला नाही का?"

ताटात मसालेभात वाढून झाला होता. वाढपी वाढायचा थांबला. हॉलमधली निम्मी तोंडं तिकडे वळली. अण्णा माझ्याकडे बघत होते, विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या आणि सोनीही माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, "शेगुलाबाईंची चूक झाली असेल. वय झालं त्यांचं आता, ऐकायलाही कमी येतं."

त्यांना ऐकायला अजिबात कमी येत नव्हतं. चार हातांवर तर बसल्या होत्या. त्यांनी शहाळं खाली ठेवलं आणि उठल्या. वाटलं, आता बोलणार. मला ते पाप वाटतं, पण मनात मी म्हटलं, आता काही बोलू नका.

"व्हय, चूक माझी," त्या म्हणाल्या. "शिधा सांगायचा तो चूलबंद सांगितलं. पण अण्णा, ताटावर बसलेलं माणूस उठवायचं नाय. चुकीचं काय ते मला बोला, त्यांना वाढा."

अण्णांचा राग तिथेच ओसरला. म्हातारीची चूक म्हटल्यावर घराच्या मानाला धक्का लागत नव्हता. "बरं, बरं, वाढा," ते म्हणाले आणि व्याह्यांना घेऊन पुढे गेले. वाडीची माणसं जेवली. पण मान खाली घालून, भराभर जेवली, आणि जिलबी वाढायला येण्याआधी उठली. सोनीने स्टेजवर जाऊन मेघनाच्या हातात रंगीत कागदातला स्टीलचा डबा दिला. अकरा घरांचा मिळून एक. मग सगळे गेले. रघूने जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी शेगुलाबाईंकडे जायला हवं होतं. गेले नाही. पाहुणे होते, पाठवणी होती, कारणं भरपूर होती. सोमवारी सकाळी त्या नेहमीसारख्या तेल घेऊन आल्या, ओटीवर टेकल्या, चहा घेतला, पाठवणीला कोण किती रडलं ते विचारलं. लग्नातला तो विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढू शकले नाही.

गावात मात्र तो विषय निघाला. 'सगुणाबाई हल्ली चुकतात. मास्तरीणबाईंकडच्या लग्नात काय झालं बघितलंत ना?' पुढच्या हंगामात पलीकडच्या आळीत मोठं लग्न निघालं, आवतणाला घरची दोन मुलं गेली. त्यानंतर आमच्या शेजारची मुंज झाली, तीही त्यांच्याशिवाय. ज्या बाईने चाळीस वर्षांत एका घराचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, तिला आता कोणी 'आमचं एवढं सांगा' म्हणेना. मी काय केलं? मी तेल जास्त घ्यायला लागले. माझ्या एकटीच्या घरात बरण्याच्या बरण्या भरून ठेवल्या. त्यांना ते कळत होतं. एकदा एवढंच म्हणाल्या, "एवढ्या तेलाचं काय करता? मारुती एकटाच हाय."

पुढे गुडघ्यांनी त्यांची फेरी बंद केली. मुलगा इस्राएलहून न्यायला आला. निघण्याआधी त्यांनी घरी मलिदा ठेवला. मोठ्या प्रवासाच्या आधी किंवा काही चांगलं घडलं की त्यांच्यात एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात, पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. पेणहून त्यांचे दोन नातलग आले होते आणि आळीतले आम्ही पाचसहा जण. मी लवकर गेले. स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर बसून नारळ खवत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मान मीच हलवली होती. आज बाहेर सगळ्यांसमोर सांगते, चूक तुमची नव्हती म्हणून."

त्यांनी खवणं थांबवलं नाही. "माझं काय घेऊन बसलीस गो? मी परवा विमानात बसेन. तिकडे मला कोण विचारतंय, तू कोणाला काय सांगितलंस? वाडीवर अजून बोलतात, आपण त्या दिवशी चुकून जेवलो. तीस माणसं, ल्हानी पोरं, चुकून जेवली. तिकडे जाऊन सांग."

"तुम्ही चला माझ्याबरोबर. मला एकटीला धीर होणार नाही."

"नाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांचं आवतण मी नेलं. हे कोणाच्या हाती पाठवायचं नसतं." मग नारळाची दुसरी कवड माझ्या हातात दिली. "हे खवून दे. पोहे भिजलेत."

त्या गेल्यावर वाडीवर जायला मला दोन महिने लागले. खोटं कशाला सांगू, त्यात आजारपण नव्हतं, पाऊस नव्हता, काही नव्हतं. रोज उद्यावर टाकत होते. गेले तेव्हा सोनी दारात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिने शेंग सोलत सोलतच ऐकलं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "शेगुलाबाय हितं हुबी राहून बोलली व्हती, मास्तरणीने मान हलवलीन, तवा सांगते, चूलबंद. तिचा शब्द कवा फिरलाय?"

म्हणजे हॉलमध्ये मी खोटं बोलले तेव्हा सोनीला ते कळत होतं, आणि शेगुलाबाईंना हेही ठाऊक होतं की सोनीला कळतं आहे. दोघींनीही मला उघडं पाडलं नव्हतं. सोनी म्हणाली, "मी सांगते वाडीला, तर कोन ऐकत नाय. पोरगा बोलतो, आये, तू त्या घरची बाजू घेतेस. तू त्याला सांग. ऐतवारी असतो."

रविवारी पुन्हा गेले. रघू मोटरसायकल धूत होता. मी सांगितलं. त्याने पाण्याची नळी बंद केली, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, हितं वाडीवर येऊन सांगताय, त्याचं काय करू? हॉलमध्ये बोललात तेव्हा दोनशे माणसं व्हती. माझी पोरं व्हती. त्या दोनशे माणसांना कोण सांगणार?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. कामाचा हिशेब कुठे चुकला हे सुपरवायझर दाखवतो तसं त्याने दाखवलं. मी म्हणाले, "बघते." तो म्हणाला, "बघा," आणि नळी पुन्हा सुरू केली.

मी काही बघितलं नाही. वर्ष गेलं. गेल्या महिन्यात शेगुलाबाईंच्या मुलाचा फोन आला. आई गेली. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी दफन झालं. अखेरपर्यंत रोह्याच्या घरांची नावं आळीच्या क्रमाने घेत होती, म्हणाला, नर्सला वाटे प्रार्थना चालली आहे. मग त्याने विचारलं, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला लिहिता येतं, आईबद्दल चार शब्द लिहाल का, रोह्याच्या लोकांनी वाचावे असे.

लिहायला बसले तेव्हा आधी चांगलं चांगलंच सुचलं. त्यांचं तेल, त्यांचा शनिवार, त्यांचं बोलणं. मग मी ते अण्णांना वाचून दाखवलं आणि पुढचंही वाचलं. अण्णा आता थकले आहेत. ते म्हणाले, "हे आता कशाला उकरून काढतेस? ती बाई गेली, झालं गेलं संपलं." मी म्हणाले, "वाडी आहे अजून." त्यावर हे छापू नकोस असं ते म्हणाले नाहीत.

त्या दोनशे माणसांपैकी बरीचशी अजून रोह्यात, वरशात, पेणला आणि पुण्याला आहेत, आणि हा मजकूर त्यांच्यापर्यंत जाईल. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहिते. मेघनाच्या लग्नात वाडीच्या अकरा घरांना चूलबंद आवतण होतं. ते मी दिलं होतं. शेगुलाबाईंनी ते जसंच्या तसं पोचवलं, आणि वाडीची माणसं बोलावली म्हणून आली होती.